सातची बोट

"छत्तीस वर्षं बघतोय. एक महिना तरी उगवायचा राहिलाय का तो चंद्र? तरी हिला दर वेळी स्वतः जाऊन खात्री करायची असते."

प्रल्हादराव हे बुटाच्या नाडीला सांगत होते. हॉटेलच्या बाथरूमचा पंखा चालू आहे आणि त्याच्या घरघरीत आपलं बोलणं विरून जाईल अशी त्यांची समजूत होती. पंखा केव्हाच बंद पडला होता. वसुधा आरशासमोर केसांत पिना खोचत होती. तिने सगळं ऐकलं आणि उरलेली पीन दातांत धरून ठेवली. दातांत पीन असली की माणसाला उत्तर द्यावं लागत नाही.

तशी ती गेले चार महिने दातांत पीन धरूनच वावरत होती म्हणा ना. जूनमध्ये प्रल्हादराव पुण्याला जाऊन पाषाणला सातव्या मजल्यावरचा फ्लॅट घेऊन आले होते, बाल्कनीतून टेकडी दिसणारा. तीन डिसेंबरची दोन तिकिटं काढून झाली होती. येत्या गुरुवारी ऑगस्टाच्या घरी रिअल इस्टेटवाली बाई यायची होती. दोघांच्या सह्या झाल्या की अंगणात 'विकणे आहे'ची पाटी रोवून जाणार होती. वसुधाने हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं तर म्हणणार कुठे आणि कुणाला?

कोलंबस डेच्या सुट्टीला जोडून सगळे सव्हाना या नदीकाठच्या गावी जमले होते ते त्याचसाठी. 'जाण्याआधी एकदा जिथे सुरुवात केली तिथे जाऊन येऊ,' असं प्रल्हादरावांनीच ठरवलं होतं. सत्तर साली ते इथल्या कागदाच्या गिरणीत इंजिनिअर म्हणून लागले आणि तीन वर्षांनी नदीच्या उगमाच्या बाजूला, ऑगस्टाला, गेले. दूर उत्तरेच्या पार्सिपनीहून लेक आसावरी आली होती, तिच्या नऊ वर्षांच्या मुलीला, कादंबरीला, घेऊन. नवरा कामात अडकलेला, म्हणजे नेहमीसारखाच. देशाच्या दुसऱ्या टोकाच्या बॉथेलहून मुलगा राजीव आणि सून सीमा आले होते. सीमाला सातवा महिना होता आणि विमानाने तिच्या पायांची पार पुरी केली होती. आज सोमवार, शेवटची संध्याकाळ. उद्या पहाटे सगळे पांगणार. आणि आज संकष्टी.

रिव्हर स्ट्रीटच्या दगडांवरून चालताना वसुधाने सीमाचा दंड धरला. हे दगड म्हणे जहाजांच्या पोटात वजनासाठी भरून आणलेले. वर ओकची जुनी झाडं, त्यांच्या फांद्यांवरून लोंबणारं राखाडी शेवाळ. वारा नसतानाही ते हलत असे. समोरून, दुकानांच्या आणि दिव्यांच्या खांबांच्या मधून, एक मालवाहू जहाज सरकत होतं. इतकं उंच, इतकं निःशब्द, की वाटावं जहाज थांबलंय आणि आपणच गावासकट समुद्राकडे निघालोय.

"आजी, इट्स लाइक अ बिल्डिंग वॉकिंग," कादंबरी म्हणाली.

"हो गं. आणि बिल्डिंगीला घाई नाही बघ."

तिकिटाच्या खिडकीवर फळा होता. त्यावर तीन फेऱ्या. चारची, तासाभराची, माहिती सांगत नेणारी. साडेपाचची, उतरत्या उन्हाची. आणि सातची, दोन तासांची, जेवणासकट; सोमवार म्हणून त्यात गॉस्पेल, म्हणजे चर्चमधली भजनं, गाणाऱ्यांचा ताफा.

"चारची घेऊ," राजीव लगेच म्हणाला. "सीमाला जास्त वेळ बसवत नाही. पाचला मोकळे. मग मी आणि आई जरा शांतपणे कॉफी घेऊ कुठेतरी."

"चारला ऊन किती असतं, राजू! साडेपाचची बेस्ट," आसावरी म्हणाली. "कादंबरीला फोटो काढायचेत. साडेसहाला परत, मग मी आणि आई रूमवर जाऊन पॅकिंग करू."

वसुधा फळ्याकडे बघत राहिली. आपल्या पोटच्या पोरांचं बोलणं तिला कळत नव्हतं अशातला भाग नाही. दोघांनाही बोट लवकर संपवायची होती, कारण बोटीनंतर आई हवी होती. राजीवच्या कॉफीत जानेवारीतलं बाळंतपण होतं आणि 'आई, निदान सहा महिने तरी'. आसावरीच्या पॅकिंगमध्ये पार्सिपनीच्या घराची खालची खोली होती, वेगळ्या बाथरूमची, आणि शाळेतून दुपारी तीनला येणारी कादंबरी. बाबा जाणार हे दोघंही धरून चालली होती. आई जाणार का, हे विचारायचं सोडून ती कुठे उतरेल याची व्यवस्था चालली होती.

"सातची," प्रल्हादराव म्हणाले.

"बाबा, तिथे जेवण आहे. आईचा उपास," आसावरी म्हणाली.

"माहितीये मला."

"फ्राइड चिकन आणि श्रिम्प. ती काय बघत बसेल का?"

"सातची घ्यायची," ते पुन्हा म्हणाले आणि खिशातून एक घडी घातलेला कागद अर्धवट काढून परत ठेवला.

राजीवने बहिणीकडे पाहिलं. आत्तापर्यंत एकमेकांच्या बोटी बुडवणारी ती दोघं क्षणात एका बाजूला आली. "ताई म्हणते तेच बरोबर आहे. साडेपाचची चालेल मला. बाबा, प्लीज, सीमाचे पाय बघा."

"माझ्या पायांना घेऊ नका मध्ये," सीमा बाकावर बसल्याबसल्या म्हणाली. मुलगी नागपूरची, आवाज लागला की गल्लीच्या टोकापर्यंत पोचायचा. "माझे पाय सातलाही एवढेच राहतील. आईंना चंद्र बघायचा असतो न? मग सातचीच. बाबा बरोबर बोलून राहिले."

राजीव बायकोकडे असा बघत राहिला, जणू त्याच्या टीममधला खेळाडू बॉल घेऊन उलट्या दिशेने पळालाय.

प्रल्हादरावांनी सुनेकडे कृतज्ञतेने पाहिलं आणि मग त्यांना राहवलं नाही. त्यांनी कागद काढलाच. भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरचं ऑक्टोबरचं पान होतं ते, नीट कापून आणलेलं. "संकष्टी उद्याच्या तारखेला छापलीये. पण इथे तिथी एक दिवस आधी येते, एवढं मलाही कळतं. म्हणजे आज. चंद्रोदय आठ चाळीस. बोट नऊला लागते. आठ चाळीसला आपण वरच्या डेकवर. समोर नदी, ना झाड, ना घर." मग वसुधाकडे न बघता म्हणाले, "एकदा तरी खात्री करायला बरोबर जावं म्हटलं."



आठ चाळीस ही मुंबईची वेळ होती. त्यांनी तारीख मागे ओढली होती आणि वेळ तशीच ठेवली होती. इथे आज चंद्र सव्वानवाच्या सुमाराला येणार होता, हे सांगायला तिला कागद लागत नव्हता.

ते ती याच गावात शिकली होती. सत्तर सालचा कुठलासा महिना. प्रल्हादरावांची दुपारची पाळी, तीन ते अकरा. चौकातल्या घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, आणि खिडकीत ओकचं झाड असं दाटलेलं की आभाळ म्हणजे ऐकीव गोष्ट. गिरणीचा उकडलेल्या कोबीसारखा वास उशीतसुद्धा भरलेला. वडिलांनी पत्रातून वर्षाच्या सगळ्या चंद्रोदयांच्या वेळा लिहून पाठवल्या होत्या, पुण्याच्या. ती वेळ बघून बाविशीतली वसुधा साडी नेसून नदीकाठच्या उंचवट्यावर येऊन उभी राहिली. तास झाला. चंद्र नाही. या देशात चंद्रही वेगळा असतो की काय, असं मनात येऊन तिला रडू फुटलं होतं. गोदीवरचा म्हातारा काळा रखवालदार कंदिलासारखी बॅटरी हलवत आला, काय झालं विचारलं, आणि तिच्या मोडक्या इंग्रजीतून नेमकं समजून घेऊन म्हणाला होता, "येईल ती, बाई. तिला फार लांबून यायचंय." चंद्राला 'ती' म्हणणारा माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला. आणि खरंच, थोड्या वेळाने ती आली.

तेव्हापासून एक निळी वही होती. दर महिन्याला इथल्या चंद्राची इथली वेळ. प्रल्हादराव त्या वेळी कधी गिरणीत, कधी मीटिंगमध्ये, कधी टीव्हीसमोर.

"सातचीच घ्या," वसुधा म्हणाली.

तिचं मत पडल्यावर प्रश्नच मिटला. मुलांनी ते निमूट ऐकलं, पण दोघांच्या चेहऱ्यावर हिशेब नव्याने सुरू झालेला तिला दिसला. ती मात्र फळ्याकडे बघत होती. तीन बोटी, तीन वेळा. तिला जी हवी होती तिचं नावच फळ्यावर नव्हतं. तिला ऑगस्टाचं स्वतःचं घर हवं होतं. शनिवारी सकाळी ग्रंथालयात सतरंजीवर बसलेली वीस-बावीस पोरं हवी होती, ज्यांना ती बारा वर्षं गोष्टी सांगत होती आणि जी तिला 'मिस व्हॅसू' म्हणत. ग्रंथालयामागचा बंधारा हवा होता, जिथे ती डबा खायची. हेच पाणी तिथून निघून इथे येतं. कधी कधी तिला वाटे, आपण तिथे बसून सोडलेला एखादा विचार इथे या गावात पोचत असेल, चार-पाच दिवसांनी, थोडा खारट होऊन.

बोट सुटली तेव्हा आभाळ पिकलेल्या पपईच्या रंगाचं झालं होतं. सोनेरी घुमटाचं नगरभवन मागे पडलं. खालच्या दालनात पांढरे टेबलक्लॉथ, आणि गाणाऱ्या बायकांचे जांभळे झगे. त्यांनी पहिला सूर लावला तसा टेबलावरच्या ग्लासांतला बर्फ शहारला. वाढणारी बाई वसुधाच्या कोऱ्या ताटाशी दोनदा थांबली. "हनी, काहीच नाही?" वसुधा हसून म्हणाली, "चंद्र आल्यावर." ती बाईही हसली, जणू तिच्या ओळखीत असे पुष्कळ लोक असावेत.

"आई," आसावरी कानाशी येऊन म्हणाली, "तू बाबांना पुण्याचं सांगितलंस का?"

"काय?"

आसावरीने मक्याच्या पावाचा तुकडा मोडला. "काही नाही. असंच."

पलीकडून राजीव बोलला, "काय चाललंय तुमचं?"

"काही नाही म्हणतेय ना."

"काही नाही म्हणायला एवढं जवळ जायला लागतं?"

"राजू, जेव गपचूप."

सीमा सगळ्यांच्या वाटणीचं जेवत होती. तिने चमचा खाली ठेवला आणि हळूच म्हणाली, "आई, बाबा पण जेवून नाही राहिले."

वसुधाने पाहिलं. प्रल्हादरावांच्या पुढ्यातही ताट कोरं होतं. नुसता थंड चहा. सकाळी हॉटेलच्या नाश्त्याला त्यांनी फक्त एक केळं घेतलं होतं, तेव्हा तिला वाटलं होतं पित्त झालंय. दुपारी 'भूक नाही' म्हणाले होते. ज्या माणसाने छत्तीस वर्षं तिच्या उपासाच्या खिचडीवर फक्त डल्ला मारला, तो माणूस आज दिवसभर उपाशी होता आणि बोलला नव्हता.

गाणाऱ्या बायका नदी ओलांडून पलीकडे जाण्याबद्दल गात होत्या. तिने ठरवलं होतं की आज, उपास सुटला की, बोलायचंच. गुरुवार फार लांब नव्हता. आता हे काय मध्येच! माणूस दुष्ट असला म्हणजे किती सोयीचं होतं. हा मेला गोड निघाला, तोही शेवटच्या दिवशी.

आठ पस्तीसला प्रल्हादरावांनी सगळ्यांना वरच्या डेकवर नेलं. बोट आता वळून गावाकडे निघाली होती, त्यामुळे पूर्व मागे होती. सगळे मागच्या कठड्याशी गोळा झाले. खाली लाल चाक पाणी उपसत होतं. काठावर एका बाईचा पुतळा सरकत गेला, हातात उंच धरलेलं कापड, पायाशी कुत्रा. कर्ण्यातून सांगत होते की या बाईने चाळीसहून अधिक वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक जहाजाला हात हलवला. लोक म्हणतात, ती कुणा खलाशाची वाट बघत होती.

"सो सॅड," कादंबरी म्हणाली. "ही नेव्हर केम?"

"लोक म्हणतात हो," वसुधा म्हणाली. "मला वाटतं, तिला जहाजं आवडत असतील."

"जस्ट दॅट?"

"तेवढं पुरतं एखाद्या बाईला."

सीमाने मान वळवून सासूकडे पाहिलं आणि पुन्हा नदीकडे.

आठ चाळीस झाले. प्रल्हादरावांनी मनगट दिव्याखाली धरलं. पूर्वेला गवताळ दलदल, त्यापलीकडे अंधार, आणि एका जहाजाचे दूरवरचे दिवे. आठ पंचेचाळीस. खालून टाळ्यांचा ठेका वर येत होता.

"ढग असतील," ते म्हणाले.

डोक्यावर लख्ख चांदण्या होत्या.

"बाबा, ॲक्चुअली टाइम झोन..." राजीवने सुरुवात केली. सीमाने त्याच्या पायावर आपला सुजलेला पाय ठेवला आणि तो थांबला.

आठ पन्नास. प्रल्हादरावांचं लक्ष क्षितिजावरून हटत नव्हतं. इतकी वर्षं ज्या गोष्टीला हसले, ती आज आपल्यासाठीच येत नाहीये, असं काहीतरी त्यांच्या खांद्यांत दिसत होतं.

"आजी, इज द मून लेट?" कादंबरीने विचारलं. घरातले सगळे ज्या कडेने जपून चालले होते, त्यावरून ती पोर सरळ उडी मारून गेली.

"नाही गं. तो वेळेवर आहे. आजोबांनी मुंबईची वेळ बघितली. इथे तो सव्वानवाला येतो."

प्रल्हादराव वळले. "तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"तिकिटाच्या खिडकीपासून."

"मग बोलली का नाहीस?"

प्रश्न चंद्राचाच होता. पण तो डेकवर पडला आणि तिथेच राहिला. आसावरीने पर्सची चेन उघडली आणि लावली. राजीव चाकाकडे बघू लागला.

"तुम्ही एवढं सगळं ठरवलं होतंत," वसुधा म्हणाली. "इतक्या हौसेने. मला मोडवेना."

बोटीचा भोंगा झाला.

नऊला बोट लागली. वसुधा न विचारता पुढे निघाली, दगडी जिना चढून त्या जुन्या उंचवट्यावर. सगळे मागोमाग. बाक तेव्हाचं नव्हतं, पण जागा तीच होती. ती बसली. तिच्या शेजारी प्रल्हादराव बसले. आसावरी, राजीव, सीमा दगडी कठड्यावर टेकले, आणि कादंबरी गवतात. पर्समधून वसुधाने कुंकवाच्या डबीत मावेल एवढा चांदीचा गणपती काढून मांडीवर रुमालावर ठेवला, आणि मोदकांचा डबा. उकडीचे प्रवासात तडकतात म्हणून तळणीचे केले होते.

"आई, उद्या सकाळी..." आसावरी म्हणाली आणि थांबली.

"आई, जानेवारीत..." राजीव म्हणाला, आणि तोही थांबला.

नदीवर आधी उजेड आला. मग दलदलीच्या गवतामागून, तांब्याच्या परातीची कड दिसावी तसा, एवढासा तुकडा वर आला. शेवाळाच्या झिरमिळ्या मागून उजळल्या. पाण्यावर एक लांब, हलती वाट उमटली आणि थेट उंचवट्याच्या पायथ्याशी येऊन थांबली.

प्रल्हादरावांनी घड्याळ पाहिलं. "नऊ सोळा," ते पुटपुटले. मग, "तू इथे यायचीस? एकटी?"

"दर महिन्याला. तीन वर्षं."

"मी म्हणायचो, बाई गेली असेल शेजारी."

वसुधाने बाटलीतल्या पाण्याचं अर्घ्य दिलं, नैवेद्य दाखवला, हात जोडले. मग डबा उघडून पहिला मोदक नवऱ्याच्या हातावर ठेवला. दिवसभराच्या उपाशी माणसाने तो लगेच तोंडात टाकायला हवा होता. त्यांनी तो तसाच धरून ठेवला. ते चंद्राकडे बघत नव्हते. त्याच्याकडे बघणाऱ्या तिच्याकडे बघत होते. सवयीने, सहज, कुणी आपल्या घराच्या दाराकडे बघावं तशी ती बघत होती.

"वसुधा," ते म्हणाले. आवाज मुलांनाही ऐकू जाईल एवढा होता. "तुला पुण्याला यायचं नाहीये."

खालून एक जहाज चाललं होतं, समुद्राकडे, न घाई करता.

"नाही यायचं," वसुधा म्हणाली. "पार्सिपनीला नाही, बॉथेललाही नाही. मी माझ्या घरी राहणार आहे."